परसातल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा पाळताना

कोंबडी वयात आली की अंडी घालू लागते आणि त्यासाठी तिला कोंबड्याची गरज नसते. ही साधी बाब पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांतही अनेकदा नव्याने सांगावी लागते, कारण सातारा-सांगलीकडच्या गावांत कोंबड्या उकिरड्यावर मोकळ्या फिरत आल्या आणि आळीत कोणाचा ना कोणाचा कोंबडा असायचाच; कोंबड्याशिवायच्या कोंबड्या कोणी पाहिलेल्याच नव्हत्या. म्हणून कोंबडा आणण्याआधी तो कशासाठी हवा आहे, हे घरात बसून ठरवावे. घरच्या घरी पिल्ले काढायची असतील तर तो हवाच. कोंबड्या दिवसभर बांधावर, उसाच्या कडेला किंवा माळावर मोकळ्या सोडल्या जात असतील तर राखणीसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु चार-पाच कोंबड्या, जाळीचा बंदिस्त खुराडा आणि घरात खाण्यापुरती अंडी एवढाच व्यवहार असेल, त्यातही घर सातारा शहरातल्या किंवा मिरजेतल्या एखाद्या दाट वस्तीत असेल, तर कोंबडा न पाळणे हेच बरे.

अंडी विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फलित अंडे आणि कोंबड्याशिवायचे अंडे यांच्या चवीत किंवा पोषणात फरक नसतो. फरक पडतो तो टिकण्यात. फलित अंड्यातील गर्भाची वाढ साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली थांबलेली राहते आणि तापमान त्याच्या बरेच वर गेले की ती अर्धवट सुरू होते. आटपाडी, जत, माण, खटाव या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत फळीवर राहिलेले फलित अंडे दोन-तीन दिवसांनी फोडले तर बलकावर रक्ताची बारीक रेघ दिसू शकते, आणि मग ते अंडे शिळे होते असे म्हणून गिऱ्हाईक तुटते. यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि फ्रिजमध्ये किंवा निदान माठाशेजारच्या गारव्यात ठेवावीत. केवळ कोंबडा वेगळा कोंडून दुसऱ्या दिवसापासून हा प्रश्न सुटत नाही, कारण कोंबडीच्या शरीरात नराचे बीज साठून राहते आणि ती पुढे दोन-तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते.

किती कोंबड्यांमागे एक कोंबडा

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण गावठी जातींना योग्य ठरते. तरणा आणि चपळ कोंबडा बारा कोंबड्याही सहज सांभाळतो. थोराड अंगाच्या नराला मात्र सात-आठच पुरेत. कोंबड्या कमी असल्या तर कोंबड्याचा सगळा भार त्या थोड्यांवर पडतो. आमच्या घरी, कोरेगाव तालुक्यात, पहिल्या वर्षी चार कोंबड्यांत एक तरणाताठा कोंबडा सोडला होता. दिवाळीपर्यंत त्यातल्या दोघींच्या पाठीची पिसे पार गेली आणि एकीच्या बरगडीजवळ कोंबड्याच्या पायामागच्या नखीने उभी चीर पडली. तेव्हा आम्ही दोष कोंबड्याला दिला. खरा दोष आमच्या हिशेबाचा होता.

पुरेशा कोंबड्या असूनही कोंबड्याच्या एक-दोन लाडक्या असतात आणि पाठ उघडी पडते ती त्यांचीच. अशा कोंबडीला पिसे पुन्हा फुटेपर्यंत वेगळे ठेवावे किंवा तिच्या पाठीवर जाड कापडाची झूल बांधावी. उघड्या कातडीवर इतर कोंबड्या चोची मारतात आणि एकदा रक्त दिसले की त्या थांबत नाहीत, त्यामुळे जखम झालेली कोंबडी त्याच दिवशी बाजूला काढावी.

दोन कोंबडे ठेवायचे असतील तर निदान वीस कोंबड्या आणि हरलेल्याला पळून जाऊन नजरेआड होता येईल एवढी मोकळी जागा हवी. एकत्र वाढलेले दोन नर आपापसांत पायरी ठरवून घेतात आणि बहुधा निभावतात. बाहेरून आणलेला दुसरा नर थेट आत सोडला तर एकाचा जीव जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. असील जातीच्या नरांबाबत हा धोका सर्वांत जास्त, कारण ती जात मुळात झुंजीसाठीच राखली गेली. येथे हेही सांगून ठेवावे की कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ती झुंज जत्रेतली असो वा परसातली.

कोंबडा निवडताना

घरच्याच पिल्लांतला सर्वांत देखणा नर राखून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि एक पिढी त्याने काही बिघडतही नाही. पण तोच नर आपल्या आईवर आणि बहिणींवर, पुढे आपल्या लेकींवर चालू लागला की दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निघतात, बोटे वाकडी किंवा चोच तिरकी असलेली पिल्ले दिसू लागतात. म्हणून नर नेहमी बाहेरच्या रक्ताचा घ्यावा. शेजारच्या घरचाही नको, कारण आळीतल्या कोंबड्या बहुतेक एकाच कोंबड्याच्या असतात. जावळीतल्या घराने फलटणच्या पाहुण्यांकडून आणि शिराळ्याच्या घराने कवठेमहांकाळच्या पाहुण्यांकडून कोंबडा आणावा, आपला त्यांना द्यावा. या अदलाबदलीत पैसाही खर्च होत नाही.

घेण्याजोगे वय म्हणजे सात-आठ महिने ते दीड वर्ष. नर साधारण चार-पाच महिन्यांचा झाला की आरवू लागतो, पण आरवतो म्हणजे पुरता वयात आला असे नव्हे; सुरुवातीचे त्याचे आरवणे फुटक्या भोंग्यासारखे असते आणि जुन्या कोंबड्या त्याला जवळही येऊ देत नाहीत. वय ओळखण्यासाठी पायामागची नखी पाहावी. वर्षाच्या आतल्या नराची नखी आखूड आणि बोथट असते, तर दोन-तीन वर्षांच्या नराची लांब, टोकदार आणि वर वळलेली असते. बाजारात नखी कापून वय लपवलेले कोंबडेही विकायला येतात, तेव्हा पायाचे खवलेही बघावेत. तरुण कोंबड्याचे खवले गुळगुळीत आणि चपटे असतात.

त्यानंतर कोंबडा हातात घ्यावा. छातीचे हाड सरळ आणि दोन्ही बाजूंनी मांसाने भरलेले लागले पाहिजे. डोळे गोल आणि चमकदार, तुरा लालभडक, नाकपुड्या कोरड्या, श्वासात घरघर नाही, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही, हे पाहावे. पंखाखालची आणि शेपटीच्या बुडाची पिसे फुंकर मारून उलटी करावीत. उवा तेथेच सापडतात. पायाचे खवले उचललेले आणि त्यांखाली पांढरट भुकटी दिसत असेल तर ती बारीक किडीची खूण आहे. तो कोंबडा बाकी उत्तम असेल तर घ्यायला हरकत नाही, पण पाय कोमट पाण्याने धुऊन त्यांवर काही आठवडे खोबरेल तेल चोळावे लागेल. शेवटी त्याला जमिनीवर सोडून चालताना पाहावे. पायात वाकडेपणा किंवा लंगडेपणा असलेला नर कोंबडीवर नीट चढू शकत नाही आणि त्याच्या पाठीमागे मोकळी, म्हणजे फलित न झालेली, अंडीच पदरी पडतात.

जातीचा विचारही महत्त्वाचा आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज किंवा हैदराबादची वनराज यांचे नर गावठी नरांपेक्षा बरेच वजनदार होतात. लहान चणीच्या गावठी कोंबडीला असा नर पेलत नाही. शिवाय या जाती संकरातून आलेल्या असल्याने त्यांची पुढची पिल्ले आई-बापांसारखी एकसारखी निघत नाहीत. कडकनाथ पाळणाऱ्याने आपला नर इतर कोंबड्यांत सोडला तर काळसर अंगाची पिल्ले मिळतील, पण त्यांना कडकनाथ म्हणून विकणे ही फसवणूक ठरेल. ज्यांना खुडूक बसणारी, म्हणजे स्वतः अंडी उबवणारी, काटक आणि स्वतः चरून खाणारी कोंबडी हवी आहे, त्यांनी गावठी नरच धरावा, असे माझे मत आहे.

नवा कोंबडा आणल्यावर

बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आणलेला कोंबडा त्याच संध्याकाळी कोंबड्यांत सोडणे ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, अंगात असलेला पक्षी काही दिवस वरकरणी ठणठणीत दिसतो आणि मग आठवड्याभरात खुराडा रिकामा करून जातो. नव्या कोंबड्याला तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यांत दाणा-पाणी देऊन ठेवावे आणि आधी जुन्या कोंबड्यांचे काम उरकून मगच त्याच्याकडे जावे. याच काळात त्याला जंतनाशक द्यावे आणि राणीखेतच्या लसीबद्दल तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. घरच्या पिल्लांना लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून आणि पुढची आर-टू-बी लस साधारण आठव्या आठवड्यात टोचून दिली जाते. देवीची लसही त्याच सुमारास देतात. महाराष्ट्रात २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा आसपास अचानक मरतूक झाल्याचे कानावर आले तर त्या हंगामात बाहेरचा पक्षी आणूच नये आणि दवाखान्याला कळवावे.

तीन आठवडे झाले की कोंबड्याला आठवडाभर कोंबड्यांच्या नजरेसमोर, पण डालग्याखाली किंवा जाळीआड ठेवावे. मग एका संध्याकाळी, कोंबड्या दांडीवर बसल्यानंतर, त्याला अंधारात त्यांच्या शेजारी बसवावे. सकाळी थोडी चोचाचोची होतेच. वयाने लहान नराला मोठ्या कोंबड्या दोन-चार दिवस पळवतात. रक्त निघत नसेल तर मध्ये पडू नये. खाण्याची भांडी मात्र दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे नव्याला उपाशी राहावे लागत नाही. नर रुळल्यानंतर आठवडाभराने फलित अंडी मिळू लागतात, पण आधी दुसरा कोंबडा असेल तर पिल्ले नव्या नराचीच हवीत म्हणून तीन आठवडे थांबूनच उबवणीची अंडी साठवावीत.

दाणा, पाणी आणि खुराडा

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात टरफलासाठी कॅल्शियम भरपूर घातलेले असते. कोंबड्याला ते लागत नाही आणि दीर्घकाळ तेवढ्यावरच ठेवल्यास त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून सर्वांना वाढीच्या वयाचे खाद्य किंवा घरची ज्वारी, मका, कण्या, भाताचा कोंडा आणि थोडी शेंगदाण्याची पेंड असे मिश्रण द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. कोंबड्या आपल्या गरजेप्रमाणे तो टिपतात, कोंबडा सहसा त्याकडे फिरकत नाही. पेंड किंवा मका बुरसटलेला असेल तर तो फेकून द्यावा. पावसाळ्यात पाटण, महाबळेश्वर, शिराळा या भागांत साठवणीतल्या दाण्याला बुरशी हमखास लागते आणि तिच्या विषाने यकृत खराब होते.

चांगला कोंबडा दाणा सापडला की स्वतः न खाता तो उचलून खाली टाकतो आणि विशिष्ट कुकुकु आवाजात कोंबड्यांना बोलावतो. हे पाहायला गोड वाटते, पण त्यामुळे विणीच्या दिवसांत असा कोंबडा पुष्कळदा रोडावतो. महिन्यातून एकदा त्याच्या छातीचे हाड चाचपावे आणि ते धारदार लागले तर त्याला रोज संध्याकाळी बाजूला घेऊन मूठभर दाणे एकट्याला घालावेत.

खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट जागा धरावी. बसण्याची दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, कारण वजनदार कोंबडा रोज उंचावरून उडी मारू लागला की तळपायाला गाठ येऊन तो लंगडू लागतो. जाळी बारीक भोकांची आणि बुडाशी फूटभर पुरलेली असावी; मुंगूस आणि रानमांजर जमीन उकरून आत येतात. कृष्णा आणि वारणेच्या काठच्या गावांनी २०१९ चा महापूर पाहिला आहे. तेथे खुराडा जोत्यावर बांधावा आणि कोंबड्या घाईने हलवण्यासाठी दोन-तीन डालगी घरात तयार ठेवावीत. कोरडी राख आणि माती मिसळलेला एक खड्डा मात्र सगळ्या गावांत हवा. पक्षी त्यात लोळून उवा झाडतात.

उन्हाळ्यात नराचे बीज अशक्त होते. दुपारी चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारा कोंबडा त्या दिवसांत बापपणाच्या कामाचा नसतो. छपरावर उसाचे पाचट टाकावे, बाजूंना ओली पोती सोडावीत, पाणी दिवसातून तीनदा बदलावे आणि उबवणीची अंडी शक्यतो दसऱ्यानंतर ते शिमग्यापर्यंतच्या दिवसांत धरावीत.

राखण, चिडकेपणा आणि आरवणे

कोंबड्याची राखण म्हणजे मुख्यतः इशारा. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की तो एक प्रकारचा लांब, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली दडतात. जमिनीवरून कुत्रे किंवा मुंगूस आले तर तो वेगळाच, तुटक कलकलाट करतो आणि कोंबड्या माना वर करून उभ्या राहतात. हे दोन आवाज घरातल्यांनीही ओळखायला शिकावेत. कोंबडा मुंगसाशी झुंजेल, पण उसात वावरणाऱ्या बिबट्यापुढे किंवा कुत्र्यांच्या टोळीपुढे त्याचा निभाव लागत नाही. रात्रीची राखण तर त्याच्याकडून अपेक्षूच नये. अंधारात त्याला आपल्याइतकेही दिसत नाही.

राखणीची हीच वृत्ती काही कोंबड्यांत माणसावर उलटते. मानेची पिसे फुगवून, डोके खाली करून तो समोर आला तर पळू नये आणि लाथही मारू नये. पळणाऱ्याला तो हरलेला समजतो आणि लाथ मारणाऱ्याला प्रतिस्पर्धी. शांतपणे त्याच्याच दिशेने चालत जावे, तो बाजूला झाला की आपले काम करावे. न हटल्यास त्याला पकडून, पंख दाबून, काखेत धरून तो ढिला पडेपर्यंत फिरावे. पिल्लूपणी अतिलाड करून हातावर वाढवलेले नर पुढे जास्त अंगावर येतात, हे मुलांना आधीच समजावून सांगावे. एवढे करूनही तो लहान मुलांवर उडी घेत असेल तर त्याला ठेवू नये, कारण त्याची झेप मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. त्याची अंडीही उबवू नयेत. स्वभाव बऱ्याच अंशी रक्तातून येतो. नखीचे टोक कानशीने घासून बोथट करता येते, मात्र तिच्या आत जिवंत भाग असल्याने फक्त टोकच घासावे.

कोंबडा फक्त पहाटे आरवतो हा समज खोटा आहे. तो दिवसभर आरवतो. पहाटेचे आरवणे उजेडावर नव्हे, तर त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालते, हे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले. अंधाऱ्या खोलीत ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवत राहिले. त्यामुळे खुराडा काळा करून आवाज पूर्ण बंद होणार नाही, पण रस्त्यावरच्या दिव्याने किंवा गाडीच्या झोताने मध्यरात्री होणारे आरवणे कमी होते आणि जाड भिंतींमुळे आवाज दबतो. खुराड्याचे तोंड शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीकडे नसावे. गळ्याला पट्टा बांधून आवाज बंद करण्याचा प्रकार करू नये. दाण्याने घशाची थैली फुगल्यावर तो पट्टा आवळतो आणि कोंबडा गुदमरतो. आणण्यापूर्वी शेजारी दोन शब्द बोलून ठेवावेत आणि महिन्याकाठी अर्धा डझन अंडी त्यांच्याकडे पोहोचवावीत.

अंडी उबवताना

कोंबडा काम करतो की नाही, हे खुडूक कोंबडी बसवण्याआधी तपासता येते. एक अंडे बशीत फोडावे. बलकावरचा पांढरा ठिपका लहान, गच्च आणि वेड्यावाकड्या कडांचा असेल तर अंडे मोकळे. ठिपक्याभोवती नीट गोल कडे दिसत असेल तर फलित. पाच अंड्यांत चार फलित निघाली तर कोंबडा चांगला समजावा.

उबवणीची अंडी स्वच्छ, मध्यम आकाराची, न धुतलेली आणि सात दिवसांच्या आतली घ्यावीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांच्या आतली. ती टोकाकडची बाजू खाली करून गार जागी ठेवावीत. गावठी कोंबडी दहा ते बारा अंड्यांवर नीट बसते. तिला रवणाला बसवण्याची जागा कोंबड्यापासून आणि इतर कोंबड्यांपासून आडोशाला असावी, नाहीतर दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली ताजी अंडी घालून सगळा हिशेब बिघडवतात. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या उजेडापुढे प्रत्येक अंडे धरावे: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत, अंडे आरपार स्वच्छ दिसले तर मोकळे. मोकळी अंडी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात.

त्यातली सुमारे निम्मी पिल्ले नर असतात, आणि हा हिशेब बहुतेक लोक आधी करत नाहीत. तीन महिन्यांनंतर नर ओळखू येतात, चौथ्या-पाचव्या महिन्यात एकमेकांवर धावू लागतात आणि तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्यांना, हैराण करतात. त्यांना तेव्हाच वेगळे करून वाढवावे आणि गावरान कोंबड्याला मागणी असते त्या दिवसांत, म्हणजे आखाडात किंवा गावच्या जत्रेच्या आधी, विकावे. श्रावण लागला की भाव उतरतो. आखाडात नर विक्रीला तयार हवेत तर रवण माघ-फाल्गुनातच बसवावे लागते. राखायचा नर दोन वर्षे कामाला घेतल्यानंतर बदलावा, आणि जुना कोंबडा पाहुण्यांकडे देताना त्याच्याबरोबर त्याची एखादी लेक जाणार नाही, एवढे पाहावे.